विसावा हिस्सा कुठे जातो? शिक्षण आणि कलेसाठीचे दान : वारसा आणि आजचा हिशेब

कार्ल्याच्या चैत्यगृहात पाऊल ठेवले की बहुतेकांची नजर आधी वर जाते. छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. मोबाईल बाहेर निघतात, स्तूपासमोर फोटो होतात, वंदना होते आणि मंडळी पायऱ्या उतरायला लागतात. एकदा आमच्यासोबत लेणी पाहायला आलेल्या अकरावीतल्या एका मुलाने उतरता उतरता विचारले, "हे कोणत्या राजाने बांधले?"

उत्तर वरच राहिले होते, दाराजवळच्या भिंतीवर आणि खांबांवर, धम्मलिपीत. म्हणून आम्ही त्याला घेऊन परत वर गेलो.

वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेले, असे तिथला एक लेख सांगतो. पण काम एकट्या भूतपालाचे नाही. धेनुकाकट या गावाचे नाव इथे पुन्हा पुन्हा येते. तिथल्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने दाराचे दान दिले. तिथल्याच सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, दार घडवले आणि त्याचेही नाव दगडावर आले. खांबांवर स्वतःला यवन म्हणवणाऱ्या उपासकांची नावे आहेत. भिक्षुणींचीही आहेत. राजसत्तेने गाव दान दिल्याचे लेख कार्ल्यात आहेत, नाही असे नाही. तरी ज्या खांबांच्या रांगेतून आपण चालत जातो ते खांब बऱ्याच अंशी लोकवर्गणीतून उभे राहिले आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी शिल्प दिले, कोणी दार. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येकाने आपापल्या ऐपतीची पावती फाडली.

कार्ले अपवाद नाही. कोकणात कुडा लेणीत माळ्याचे दान आहे, लोखंडाच्या व्यापाऱ्याचे आहे. कान्हेरीला कल्याण आणि सोपाऱ्याचे दाते भेटतात. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावरचे काही कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, तशी नोंद त्या तोरणावरच आहे. म्हणजे तिथे कलाकारच दाताही होता. ज्या कलेवर आज जग भाळते तिच्यामागे सुतार, माळी, लोहार, सोनार, भिक्षुणी आणि व्यापारी यांचे पैसे आणि हात आहेत. हा इतिहास आपल्या तरुणांना तोंडपाठ हवा, कारण कला आणि शिक्षण ही श्रीमंतांनी पोसायची गोष्ट आहे असा समज आपल्याही वस्तीत घर करून बसला आहे.

धम्मात दानाची जागा

पारमितांच्या यादीत दान पहिले येते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच्याआधी भगवंतांनी गृहस्थाला काय सांगितले, याची चर्चा मात्र कमी होते. कोलिय देशातल्या दीघजाणू या गृहस्थाला त्यांनी आधी कष्टाने कमावणे, कमावलेले राखणे, चांगल्या लोकांची संगत आणि जमाखर्चाचा मेळ ठेवणे या गोष्टी सांगितल्या. त्यानंतर श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा. सिगाल सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक स्वतःच्या उपभोगासाठी, दोन धंद्यात आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायचा. घरदार उपाशी ठेवून दान करा, कर्ज काढून सोहळे करा, असे यात कुठेही नाही. हिशेब जमणाऱ्या माणसाचे दान धम्माला अपेक्षित आहे.

धम्मपदात सर्व दानांत धम्मदान श्रेष्ठ मानले आहे. त्यात शिक्षणाचा समावेश करावा की नाही यावर विद्वानांनी वाद घालावा. आमच्या मते ज्या समाजाला शेकडो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजात मुलीच्या हाती पुस्तक देणे हे धम्मदानच आहे.

त्रिरश्मीवरची कायम ठेव

आता थोडा हिशेब. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेणीत उषवदाताचा लेख आहे. उषवदात म्हणजे क्षहरात राजा नहपानाचा जावई. त्याने लेणे दिले आणि सोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज वापरायची ठेव.

ती ठेवली कुठे? गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. २००० कार्षापण एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने. उरलेले १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजच वापरायचे, हेही लेखात स्पष्ट लिहिले आहे. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. लेणीत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे, असे लेख सांगतो. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब तंतोतंत जुळतो. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० कार्षापण इतर खर्चासाठी. हा सगळा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून नोंदवला गेला, असेही त्यात आहे.

या एका लेखावर प्रत्येक विहाराच्या कार्यकारिणीने एक संध्याकाळ घालवावी असे आम्हाला मनापासून वाटते. कोण देणार, कोणाकडे ठेवणार, किती दराने, कशासाठी, कितीजणांना, आणि हे सगळे कोणासमोर जाहीर करणार, या सहाही प्रश्नांची उत्तरे त्या भिंतीवर आहेत. दगडावर कोरलेला हिशेब कोणालाही वाचता येत होता. आजच्या किती संस्थांचा हिशेब निदान फलकावर लावलेला असतो?

शिवाय हा पैसा पडून राहिला नाही. विणकरांना भांडवल मिळाले, त्यांच्या मागांवर काम चालले आणि त्याच्या व्याजातून संघाचा खर्च भागला. जुन्नरच्या लेण्यांतही बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे अशा ठेवी ठेवल्याचे लेख आहेत. संघाचा खर्च आणि कारागिरांचा रोजगार एकाच ठेवीवर चालत होता.

नालंदा हे याचेच मोठे रूप. पाचव्या शतकात सुरू झालेले हे विद्यापीठ चालले ते गावांच्या महसुलावर. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगच्या चरित्रात शंभर गावांचा उल्लेख आहे, नंतर आलेल्या इत्सिंगच्या काळात ती संख्या दोनशेच्या पुढे गेली होती. तिथल्या विद्यार्थ्याला जेवणाची, कपड्यांची, औषधाची चिंता नव्हती, म्हणून तो वर्षानुवर्षे शिकू शकला. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियातला, राजा बालपुत्रदेव याने नालंदेत विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपालाने पाच गावे दिली. त्या ताम्रपटात खर्चाच्या बाबी लिहिल्या आहेत. त्यांत भिक्षूंचे अन्न, चीवर, आजारात औषध, विहाराची डागडुजी यांच्यासोबत ग्रंथांच्या नकला करण्याचा खर्चही धरला आहे. पुस्तकासाठी स्वतंत्र तरतूद, आणि तीही अकराशे वर्षांपूर्वी.

बाबासाहेब : घेणारे आणि मागणारे

दानाने काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घराच्या भिंतीवर फोटोत आहे. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्याआधी बी.ए.साठीही बडोद्याचीच मदत होती. पुढे लंडनच्या शिक्षणासाठी छत्रपती शाहू महाराजांनी हात दिला, मित्र नवल भथेनांनी कर्जाऊ पैसे दिले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, त्यामागे शाहू महाराजांचे २५०० रुपये होते. ही मदत वेळेवर आली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न आम्ही इथेच सोडतो.

घेणारा पुढे मागणाराही झाला, आणि मागताना त्यांना काय त्रास झाला हे तरुणांनी वाचले पाहिजे. 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झाले. अंकातले रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत. पत्रासाठी वर्गणीदार मिळावेत, मदत यावी म्हणून त्यांनी वाचकांना कळकळीने साकडे घातले. समाजाचे या पत्राशी असलेले ऋण फेडायला नको का, असा त्यांचा रोख होता. तरीही पत्र १९२९ च्या पुढे टिकले नाही. ज्या पत्राचे अंक आज आपण प्रदर्शनात काचेखाली ठेवतो, ते पैशांच्या ओढाताणीत बंद पडले. आज एखाद्या नियतकालिकाची वार्षिक वर्गणी भरताना हात मागे घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

२० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची उद्दिष्टेही पाहण्यासारखी आहेत. वसतिगृहे काढणे हे तर होतेच, त्यासोबत वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग काढून समाजात संस्कृतीचा प्रसार करणे हेही होते. १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झाले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले गेले, मुलांसाठी हॉकी क्लबसुद्धा होता. पोटाचा प्रश्न जळत असताना हॉकी कशाला, असे त्या काळीही कोणी म्हणाले असेल. बाबासाहेबांना तसे वाटले नाही.

पुढचा प्रवास आपल्याला माहीत आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडून वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद मिळवली. आजच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवात त्या काळातली, १९४४ ची. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादचे, जे पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. आणि १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले. विसावा म्हणजे शेकडा पाच. १४ ऑक्टोबरच्या बावीस प्रतिज्ञा आपण जाहीरपणे म्हणतो. दुसऱ्या दिवसाचा विसावा हिस्सा भाषणातच राहून गेला, निदान आमच्या पाहण्यात तरी.

दोरी कोणाच्या हातात

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. दानावर चालणारा समाज मिंधा होतो, तर मग दानाचा एवढा गौरव कशाला?

बाबासाहेबांनीच हा प्रश्न सर्वांत कठोरपणे मांडला. पुणे करारानंतर १९३२ मध्ये जी संस्था निघाली आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली, तिच्या मंडळावर सुरुवातीला ते होते. नोव्हेंबर १९३२ मध्ये लंडनला जाताना बोटीवरून त्यांनी ठक्कर बाप्पांना लांबलचक पत्र लिहिले. पाणवठे, शाळा, नोकऱ्या यांतील समान हक्कांसाठी मोहीम उघडा, अशी त्यांची सूचना होती. संस्थेने मदतीचा रस्ता धरला आणि बाबासाहेब बाहेर पडले. पुढे १९४५ च्या ग्रंथात त्यांनी या उपकारांमागचा हेतू दयेने मारण्याचा आहे, अशी टीका केली.

हा फरक आजही जशाच्या तसा लागू आहे. शिष्यवृत्ती दिली आणि बदल्यात फोटो, भाषण, मत मागितले, तर घेणाऱ्याची मान खाली जाते. गणवेश वाटपाच्या कार्यक्रमात दहा वर्षांच्या मुलाला स्टेजवर उभे करून त्याच्या हातातले पाकीट कॅमेऱ्याकडे धरायला लावतात, ते आम्ही पाहिले आहे. एकदा त्या स्टेजवर आम्हीही बसलो होतो. त्या मुलाचा चेहरा आठवतो. त्यानंतर आमच्या गटाने नियम केला: मदत थेट फीच्या खात्यात किंवा दुकानाच्या बिलावर जाईल, नाव जाहीर होणार नाही, मुलाला व्यासपीठावर बोलावले जाणार नाही. देणाऱ्यांपैकी दोघे रागावले आणि सोडून गेले. उरलेले अजून देतात.

आपला पैसा, आपली समिती, आपला हिशेब, अशी रचना असेल तर दोरी बाहेरच्याच्या हातात जात नाही. 'विसावा हिस्सा' मागण्यामागे हाही विचार असावा, असे आम्हाला वाटते. नियमित देणारे शंभर असले की एकाची मर्जी चालत नाही.

गाण्याला पैसे कशाला?

शिक्षणासाठी दान म्हटले की कोणी हरकत घेत नाही. कलेसाठी म्हटले की मात्र भुवया उंचावतात. "आधी पोरांच्या फीचे बघा, मग तमाशाचे," असे एका बैठकीत ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला ऐकवले. रागाने नव्हे, काळजीने. त्यांना आम्ही एकच विचारले, "काका, बाबासाहेब तुम्हाला पहिल्यांदा कुठे भेटले? पुस्तकात की गाण्यात?" ते हसले. गाण्यातच भेटले होते. त्यांच्या आईला वाचता येत नव्हते.

आंबेडकरी जलशांनी हेच काम केले. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने चळवळ गावकुसाबाहेरच्या वस्त्यांपर्यंत नेली. जिथे वर्तमानपत्र पोहोचत नव्हते आणि पोहोचले तरी वाचणारा नव्हता, तिथे जलसा रात्रभर चाले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, जन्म १९२२, मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि आयुष्यभर गात-लिहीत राहिले. त्यांची गाणी आज प्रत्येक जयंतीला वाजतात. त्यांच्या हयातीत मानधनाची काय अवस्था होती, हे जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. गाडीभाडे आणि जेवण यावर रात्री काढल्याच्या आठवणी सांगणारे पुष्कळ भेटतील. आपण त्यांच्या शब्दांवर मोठे झालो, पण त्यांच्या वह्या, ध्वनिफिती, हस्तलिखिते जपायला किती वस्त्यांनी पैसे काढले?

मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले, विद्यार्थ्यांनी ते केले आणि बाबासाहेबांनी ते पाहिले. महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षांत नाटकाला जागा मिळाली, ही गोष्ट लहान नाही. त्याच औरंगाबादेत डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' त्रैमासिक जवळपास अर्धशतक चालवले. जाहिरातदारांची रांग नसताना असे नियतकालिक कशावर चालते? वर्गणीदारांवर, आणि संपादकाच्या स्वतःच्या खिशावर. दलित साहित्याच्या कितीतरी लेखकांचे पहिले लेखन तिथे आले. ज्यांनी तेव्हा वर्गणी भरली त्यांनी मराठी साहित्याला एक पिढी दिली. त्यांतले बहुतेक शिक्षक, कारकून, बँकेतले कर्मचारी होते.

आमचे मत स्पष्ट आहे. शिक्षण मुलाला नोकरीपर्यंत नेते. आपण कोण आहोत हे त्याला गाणे, नाटक, चित्र आणि गोष्ट सांगते. हे दुसरे नसेल तर शिकलेला मुलगा आडनाव लपवायला शिकतो. अशी मुले आम्हाला माहीत आहेत आणि त्यांना दोष द्यायचे धाडस आम्हाला होत नाही.

आठ हजार रुपये

आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा नर्सिंगला नंबर लागला. शिष्यवृत्तीला ती पात्र होती. कॉलेजने सांगितले, शिष्यवृत्ती येईल तेव्हा येईल, आधी इतके भरा. घरच्यांनी जमवाजमव केली, तरी आठ हजार कमी पडले. मुदत शुक्रवारी संपली आणि आम्हाला कळले रविवारी, विहारात. जागा गेली. त्याच महिन्यात वस्तीत स्वागत कमानीसाठी वर्गणी चालू होती आणि आम्ही स्वतः हजाराची पावती फाडली होती. कमान छान झाली आहे.

शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फीचा आग्रह धरू नये, असे शासनाचे आदेश आहेत. अशा वेळी समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रार करायलाच हवी. हक्काचा पैसा हक्काने मागायचा, दानाने त्याची जागा घ्यायची नाही. पण तक्रारीचा निकाल यायला दिवस लागतात आणि प्रवेशाची मुदत त्यासाठी थांबत नाही. म्हणून वस्तीत एक तात्पुरत्या मदतीचा निधी हवा. शिष्यवृत्ती खात्यात आली की रक्कम परत, बिनव्याजी, आणि पुढच्या मुलासाठी तयार.

हे जमते का, याचा साधा हिशेब करू. शंभर घरांच्या वस्तीत घरामागे महिना १०० रुपये निघाले तर वर्षाला १,२०,००० होतात. त्यातले निम्मे दरवर्षी मुदत ठेवीत टाकले तर पाच वर्षांत मुद्दलच ३ लाख होते. व्याज ६ टक्के धरले तरी पुढे वर्षाला १८,००० रुपये मुद्दल न मोडता मिळत राहतात. वाचनालयाची वर्तमानपत्रे, स्पर्धा परीक्षेची मासिके आणि चार-पाच मुलांचे परीक्षा शुल्क त्यात निघते. उरलेल्या निम्म्यातून दरवर्षी प्रवेशाच्या अडचणी सोडवता येतात आणि जयंतीला एका शाहिराला मानाचे मानधन देता येते. हीच त्रिरश्मीवरची अक्षयनीवी, फक्त विणकरांच्या जागी बँक. एका रात्रीच्या साउंड सिस्टिमचे बिल याच्या शेजारी ठेवून पाहा. आकडा आम्ही सांगत नाही, प्रत्येक मंडळाच्या वहीत तो आहेच.

कागदपत्रांचे थोडके

हा भाग रुक्ष आहे, पण अनेक चांगली कामे इथेच अडकतात.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. नोंदणी करून लोक थांबतात. विश्वस्त बदलले, कोणी वारले, तर चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. तो वर्षानुवर्षे न केल्याने विहाराची जागा आणि बँक खाते वादात अडकल्याची उदाहरणे प्रत्येक जिल्ह्यात आहेत. हिशेब दरवर्षी तपासून घेऊन सादर करणेही बंधनकारक आहे. नोंदणी नसलेल्या उत्सव समितीने वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची असते.

दात्याला आयकरात सवलत मिळते ती संस्थेकडे प्राप्तिकर खात्याची मान्यता असेल तरच. सगळ्यांना माहीत असलेले ८०जी ते हेच. साधारणपणे दिलेल्या रकमेच्या ५० टक्क्यांवर, उत्पन्नाच्या मर्यादेत, वजावट मिळते. २००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या पगारदारालाही ही वजावट नाही. संस्थेने दानाचे विवरण खात्याकडे भरून दात्याला प्रमाणपत्र द्यायचे असते, नुसती पावती आता पुरत नाही. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे जुन्या पावती पुस्तकांवरचा मजकूर एकदा सनदी लेखापालाला दाखवून घ्यावा.

आपल्यासाठी यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्याच लाभासाठी असलेल्या संस्थेला ८०जीचा लाभ मिळत नाही. मात्र अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीची संस्था त्या अटीत अडकत नाही, असा खुलासा कायद्यातच होता. म्हणून विहाराचा न्यास आणि शिक्षण-कला निधीचा न्यास वेगळे ठेवणे शहाणपणाचे. घटनेत उद्दिष्टे लिहिताना 'बौद्ध समाजासाठी' एवढेच लिहून मोकळे होऊ नका.

परदेशात असलेले आपले बांधव पैसे पाठवायला तयार असतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे किंवा परदेशी संस्थेचे दान स्वीकारायला एफसीआरए नोंदणी लागते. ती नसताना खात्यात रक्कम घेतली तर गोष्ट गुन्ह्यापर्यंत जाऊ शकते. भारतीय पासपोर्ट असलेल्या नातेवाइकाने आपल्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत दिलेली रक्कम वेगळी. खात्री करून मगच खाते क्रमांक द्या.

आणि दात्यांनो, हिशेब मागायला लाजू नका. आपण दिलेल्या पैशाचे काय झाले हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. जो कार्यकर्ता या प्रश्नाने चिडतो त्याच्याकडे पावती पुस्तक देऊ नये, एवढा साधा नियम आम्ही पाळतो.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होईल, विहाराविहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन सुरू होईल आणि साधारण त्याच सुमारास कॉलेज प्रवेशाच्या याद्या लागतील. रोजच्या वाचनाला जमलेल्या मंडळींसमोर आठवड्यातून एकदा, शेवटच्या पाच मिनिटांत, एकच विचारा: आपल्या वस्तीत कोणाचा नंबर लागला आहे आणि कोणाचे किती कमी पडत आहेत? शुक्रवारच्या आत.